मोटारीची गादी आणि चामड्याचा अंगरखा

कोकण रेल्वे जिथून सुरू होते ते रोहा स्टेशन. वैशाखातली दुपार आहे. स्टेशनाबाहेर काचा बंद करून एक मोटार दोन तास उन्हात उभी आहे. तिचे दार उघडून तुम्ही आत हात घातलात, तर तीन गोष्टी हाताला लागतील: मागच्या आसनाचे कापड, पुढच्या आसनावर नुकतेच चढवलेले चामड्याचे कव्हर आणि पट्ट्याच्या कुलपाचा लोखंडी भाग. कापड कोमट वाटेल. चामडे चांगलेच गरम वाटेल. लोखंडाला हात लावताच तो झटकन मागे घ्याल.

आता गंमत पाहा. या तिन्ही वस्तूंना तापमापी लावली, तर ती जवळजवळ सारखेच तापमान दाखवील. समजा, ६० अंश सेल्सिअस. मग हाताला तीन निरनिराळी उत्तरे का मिळाली? हात खोटे बोलतो की तापमापी?

दोघेही खरे बोलतात. तापमापी वस्तूचे तापमान सांगते. हात मात्र वस्तूचे तापमान सांगतच नाही. तो स्वतःच्या कातडीचे तापमान सांगतो. हा फरक एकदा ध्यानात आला, की कापडी आसनावर चामड्याचे कव्हर चढवावे की नाही, हा घराघरांत वादाचा ठरणारा प्रश्न आपल्याला आकड्यांनी सोडवता येईल. आज आपण तेच करणार आहोत. मात्र त्याआधी चामडे म्हणजे काय, ते नीट पाहिले पाहिजे.

तीन पेडी दोर

जनावराचे कच्चे कातडे आणि चामडे या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कच्च्या कातड्यात वजनाच्या निम्म्याहून अधिक पाणी असते. ते तसेच ठेवले तर दोन-तीन दिवसांत कुजते, वाळवले तर लाकडासारखे ताठ होते आणि पाण्यात उकळले तर विरघळून त्याचा सरस होतो. सुतार पूर्वी फळ्या चिकटवायला वापरत तोच हा सरस.

कातड्याचा मुख्य घटक कोलॅजेन नावाचे प्रथिन आहे. या शब्दाचा अर्थच मुळी ‘सरस देणारे’ असा आहे. कोलॅजेनच्या रेणूची रचना कशी असते, हे कोडे सोडवण्यात एका भारतीय शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. मद्रास विद्यापीठातील गो. ना. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्ता यांनी १९५४ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवले, की कोलॅजेनचा रेणू तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळून बनलेला असतो. कोकणातल्या मुलांना हे समजावून सांगायला नकोच. नारळाच्या काथ्याचा तीन पेडी दोर तुम्ही पाहिला असेल. कोलॅजेनचा रेणू म्हणजे तसलाच दोर. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे सात लाखाव्या भागाइतकी आणि लांबी जाडीच्या दोनशे पट. असे असंख्य दोर एकत्र येऊन तंतू होतात, तंतूंच्या जुड्या होतात आणि त्या जुड्या सर्व दिशांनी एकमेकींत गुंतून कातडे बनते. कापडात उभे आणि आडवे असे दोनच धागे असतात. चामड्यातले धागे मात्र लांबी, रुंदी आणि जाडी अशा तिन्ही दिशांना विणलेले असतात. म्हणून चामडे कडेने उसवत नाही आणि एका ठिकाणी कापले तरी धागे सुटत जात नाहीत.

कच्च्या कातड्याचे चामडे करणे म्हणजे या दोरांना एकमेकांशी कायमच्या गाठी मारणे. या क्रियेला कातडे कमावणे असे म्हणतात. जुनी पद्धत झाडांच्या सालींची. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर मिळणारा हिरडा घ्या. वाळलेल्या हिरड्यात सुमारे ३० टक्के टॅनिन असते. कच्चा हिरडा चावल्यावर तोंड आवळल्यासारखे होते ना? टॅनिन तुमच्या लाळेतल्या आणि जिभेवरच्या प्रथिनांना बांधून टाकते, म्हणून तसे होते. हेच टॅनिन कातड्यातल्या कोलॅजेनला बांधते. कोल्हापुरी चपलेचे चामडे हिरडा आणि बाभळीची साल यांनीच कमावले जाते. या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामागे हे काम पिढ्यान्पिढ्या करत आलेल्या समाजांचे रसायनशास्त्राचे ज्ञान आहे, मग त्यांनी त्याला रसायनशास्त्र म्हटले असो वा नसो.

दुसरी पद्धत क्रोमियमच्या क्षारांची. ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुढे आली. सालींनी कमावायला काही आठवडे लागत. क्रोमियमने एक-दोन दिवसांत काम होते, आणि चामडे अधिक मऊ व उष्णतेला अधिक टिकाऊ होते. याची परीक्षा सोपी आहे. पाण्यात बुडवून तापवले असता कच्चे कातडे ६० ते ६५ अंशांना आकसते. सालींनी कमावलेले ७५ ते ८५ अंशांपर्यंत टिकते, तर क्रोमियमने कमावलेले उकळत्या पाण्यातही आकसत नाही. मोटारीच्या आसनांसाठी बहुतेक क्रोमियमचे चामडे वापरतात, ते याच गुणांमुळे.

पण या सोयीची किंमतही आहे. एक किलो कच्चे कातडे कमावून तयार करायला साधारण ३० ते ४० लिटर पाणी लागते, आणि ते पाणी नीट शुद्ध न करता नदीत सोडले तर नदीचे हाल होतात. चेन्नईला १९४८ साली स्थापन झालेल्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेत पाणी व क्रोमियम वाचवण्याच्या पद्धतींवर बरेच काम झाले आहे, ते यासाठीच.

दुकानात मिळते ते सगळे चामडेच का?

सीट कव्हरच्या दुकानात ‘लेदर’ म्हणून जे दाखवतात, त्यात निदान तीन प्रकार असतात. पहिले खरे चामडे. दुसरे रेक्झिन. हे मूळ एका ब्रिटिश कंपनीच्या मालाचे नाव. त्या काळी कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन ते बनवत. आज आपण रेक्झिन म्हणतो ते म्हणजे कापडावर पीव्हीसी या प्लॅस्टिकचा थर. तिसरा प्रकार पॉलियुरेथेनचा लेप दिलेल्या कापडाचा. त्याला कोणी लेदरेट म्हणतात, तर कोणी आणखी भारदस्त नावे देतात.

ओळखायचे कसे? उलट बाजू पाहा. खऱ्या चामड्याची मागची बाजू मखमलीसारखी तंतुमय दिसते. नकली मालाच्या मागे विणलेले कापड दिसते. कापलेली कड भिंगातून पाहिली तर आणखी खात्री पटते. मात्र तुकडा जाळून पाहण्याचा ‘प्रयोग’ कोणी सुचवला तर करू नका. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू बाहेर पडतो.

पीव्हीसी मुळात कडक असते. आपल्या नळाचे पांढरे पाइप त्याचेच. रेक्झिन मऊ व्हावे म्हणून त्यात तेलासारखे द्रव मिसळलेले असतात. उन्हाने हे द्रव हळूहळू उडून जातात. नव्या गाडीत येणाऱ्या वासात त्यांचा वाटा असतो आणि समोरच्या काचेवर आतून जो तेलकट पापुद्रा धरतो, त्यातही तेच असतात. द्रव निघून गेला की रेक्झिन कडक होते आणि भेगाळते. एस.टी.च्या किंवा मिनिडोरच्या जुन्या आसनांना पडलेल्या भेगा आठवून पाहा.

हाताला गरम का लागते?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गरम वस्तूला हात लावला, की उष्णता वस्तूकडून हाताकडे वाहू लागते. जिथे दोन्ही टेकतात त्या पृष्ठाचे तापमान क्षणार्धात मधल्या एका आकड्यावर स्थिरावते. तो आकडा कोणाकडे झुकेल? हा प्रकार रस्सीखेचीसारखा आहे. ज्याचा जोर अधिक, त्याच्याकडे आकडा सरकतो. हा ‘जोर’ काढायचा तर पदार्थाची उष्णतावाहकता, घनता आणि विशिष्ट उष्णता यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ घ्यायचे. इंग्रजीत त्याला इफ्युजिव्हिटी म्हणतात. आपण सोयीसाठी ‘स्पर्शांक’ म्हणू.

स्पर्शांकाच्या ढोबळ किमती अशा आहेत: आपली त्वचा १२००, चामडे ४५०, आसनाचे लवदार कापड ११०, लोखंड १३,०००. कापडाचा आकडा इतका लहान का? कारण त्यात निम्म्याहून जास्त हवाच असते, आणि हवेची वाहकता व घनता दोन्ही फार कमी. पीव्हीसीच्या रेक्झिनचा स्पर्शांक चामड्याच्या आसपासच येतो. म्हणून या बाबतीत दोघे सारखेच.

त्वचेचे तापमान ३३ अंश आणि वस्तूचे ६० अंश धरा. प्रत्येकाच्या तापमानाला त्याच्या स्पर्शांकाने गुणा, दोन्ही गुणाकारांची बेरीज करा आणि तिला स्पर्शांकांच्या बेरजेने भागा. चामड्यासाठी:

(४५० × ६० + १२०० × ३३) ÷ (४५० + १२००) = ६६,६०० ÷ १६५० = ४०.४ अंश.

हेच गणित कापडासाठी केले तर ३५.३ अंश येते आणि लोखंडासाठी ५७.७ अंश. तुम्हीही करून पाहा. माणसाला वेदना जाणवू लागते ती साधारण ४३ ते ४५ अंशांना. म्हणजे ६० अंशांचे कापड आपल्याला कोमट वाटते, त्याच तापमानाचे चामडे नकोसे गरम वाटते आणि लोखंड काही सेकंदांत चटका देते. चामडे ७० अंशांवर गेले तर पृष्ठाचे तापमान ४३ अंशांवर पोचते, म्हणजे वेदनेच्या उंबरठ्यावर. अर्ध्या चड्डीत बसणाऱ्या लहान भावंडाच्या मांड्यांची त्वचा आपल्यापेक्षा पातळ असते, हे विसरू नका. त्याला बसवण्याआधी आसनावर आणि पट्ट्याच्या कुलपावर आपला हात ठेवून पाहावा.

थंडीत हाच प्रकार उलटा होतो. माथेरानला किंवा महाबळेश्वरला पहाटे चामड्याचे आसन कापडापेक्षा गार लागते, ते याच कारणाने.

मुळात आसन ६० अंशांपर्यंत तापते कसे? मे महिन्यात भर दुपारी प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट सूर्यशक्ती पडते. काचेतून तिचा मोठा भाग आत येतो आणि आसने तापतात. तापलेली आसने दीर्घ लांबीचे अवरक्त किरण बाहेर टाकतात. त्यांना काच आरपार जाऊ देत नाही. शिवाय काचा बंद असल्याने गरम हवाही निसटू शकत नाही. त्यामुळे अर्ध्या-पाऊण तासात आतली हवा बाहेरच्यापेक्षा १५ ते २० अंशांनी गरम होऊ शकते. काच बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. म्हणूनच लहान मुलाला किंवा पाळीव जनावराला बंद गाडीत ‘दोनच मिनिटे’ म्हणूनही ठेवू नये. लहान मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा फार लवकर तापते आणि अशा प्रसंगी जीव जाऊ शकतो.

रंगाचाही भाग मोठा आहे. काळे चामडे त्यावर पडणाऱ्या उन्हाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग शोषून घेते, फिकट बदामी साधारण निम्मा. कव्हरचा रंग निवडताना केवळ डोळ्यांना विचारू नये, ते यासाठी.

घाम कुठे जातो?

पहिला चटका ओसरला की दुसरा प्रश्न उभा राहतो. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतो. शरीराचा साधारण आठवा भाग आसनाला टेकलेला आहे असे धरू. म्हणजे पाठ आणि मांड्या मिळून सुमारे १२ वॅट. ही उष्णता गादीतून आरपार जाऊ शकत नाही, कारण गादीतला फोम उष्णतेचा दुर्वाहक आहे. मग उरतो घामाचा मार्ग.

एक ग्रॅम घाम वाफ होऊन गेला, की सुमारे २४०० जूल उष्णता घेऊन जातो. १२ वॅट म्हणजे सेकंदाला १२ जूल, तासाला ४३,२०० जूल. त्याला २४०० ने भागले की १८ येतात. म्हणजे तासाला १८ ग्रॅम घामाची वाफ आसनातून निघून गेली पाहिजे. रोह्याहून नागोठणे, पेण करत मुंबई गाठायला तीन तास लागले, तर ५० ग्रॅमहून अधिक. रेक्झिनमधून ही वाफ जवळजवळ जातच नाही. घाम तिथेच साचतो आणि सदरा पाठीला चिकटतो.

खऱ्या चामड्याचे काय? नुसत्या कमावलेल्या चामड्यातून वाफ चांगली जाते. तंतूंमध्ये वाट असते आणि तंतू स्वतःही ओलावा शोषून घेतात. पण मोटारीच्या चामड्यावर रंगाचा आणि राळेचा थर देतात. तो मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकाच जाड असतो, पण वाफेची वाट बरीच अडवतो. म्हणून कारागीर पाठीच्या आणि मांडीच्या भागाला बारीक भोके पाडलेले चामडे लावतात. ती नक्षी नसून वाफेच्या खिडक्या आहेत. अर्थात, खाली मूळचे कापड व फोम आणि वर चामडे असे दोन थर झाले, की वाफेला दोन दारे ओलांडावी लागतात, हेही खरे.

यासाठी एक प्रयोग करा. तीन सारख्या वाट्यांत तीन-चतुर्थांश पाणी घ्या. एकीच्या तोंडावर जाड सुती कापड, दुसरीवर रेक्झिन आणि तिसरीवर चामड्याचा तुकडा रबराने घट्ट बसवा. चांभाराकडे किंवा सीट कव्हरच्या कारागिराकडे मागितलेत तर कात्रणे मिळतील. प्रत्येक वाटी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोलून आकडा लिहून ठेवा. एक दिवस सावलीत, पंख्याखाली ठेवा आणि पुन्हा तोला. किती ग्रॅम पाणी उडाले? चामड्याच्या प्रयोगशाळांतही वाफेची परीक्षा मुळात याच तत्त्वावर घेतात. हा प्रयोग एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलैत करा. दोन्ही वेळचे आकडे शेजारी मांडलेत, की हवेतल्या ओलाव्याचे महत्त्व न सांगता कळेल.

श्रावणातली पांढरी बुरशी

रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांतच. त्या दिवसांत सापेक्ष आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर असते. चामडे हवेतला ओलावा शोषते आणि सोडते. आर्द्रता ७० ते ७५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली, की चामड्यातले तेल, प्रथिन आणि वर साचलेला घाम-मळ यांवर बुरशी पोसते. पेटीत ठेवलेल्या चपलांवर श्रावणात येणारा पांढरा बुरा तुम्ही पाहिलाच असेल.

उपाय महाग नाहीत. आसन कोरड्या मऊ फडक्याने पुसत राहावे. उघडीप मिळाली की दारे उघडून वारा खेळू द्यावा. वातानुकूलन यंत्र असेल तर ते अधूनमधून चालवावे; ते हवा गार करते, तशीच कोरडीही करते. काही जण चामडे मऊ राहावे म्हणून त्यावर खोबरेल तेल चोळतात. रंगाचा थर असलेल्या चामड्यात ते मुरत नाही. वर राहून धूळ धरते आणि बुरशीला मेजवानी होते.

कोलाडजवळ कुंडलिका नदीत राफ्टिंगसाठी येणाऱ्या पाहुण्यांचा एक वेगळाच प्रश्न आहे. मुळशी धरणाचे पाणी भिरा येथील वीजकेंद्रातून कुंडलिकेच्या पात्रात येते, त्या प्रवाहावर हे राफ्टिंग चालते. तिथून ओलेचिंब प्रवासी गाडीत बसतात. कापड भिजले तर पाणी फोममध्ये उतरते आणि पावसाळ्यात चार-चार दिवस वाळत नाही; कुबट वास येतो. रेक्झिनवरचे पाणी पुसून टाकता येते. चामडे या दोहोंच्या मध्ये आहे: वरून पुसले जाते, पण शिवणीच्या भोकांतून पाणी आत जाते. भिजलेले चामडे कडक उन्हात वाळवू नये. पाणी झपाट्याने निघून गेले की तंतू एकमेकांना चिकटतात आणि चामडे ताठ होते. सावलीत, वाऱ्यावर, सावकाश वाळवावे.

संत्र्याची साल आणि शिंपीकाम

‘मापाचे कव्हर’ म्हणजे नेमके काय? एक संत्रे सोला आणि साल पाटावर सपाट करून पाहा. ती फाटल्याशिवाय सपाट होत नाही. याच्या उलटही खरे: सपाट कागद चेंडूवर सुरकुती न पडता गुंडाळता येत नाही. गाउस या जर्मन गणितज्ञाने १८२७ साली याचे नेमके कारण गणिताने मांडले. मोटारीचे आसन कुठे फुगीर, कुठे खोलगट. त्यावर सपाट चामडे नीट बसवायचे तर त्याचे अनेक तुकडे पाडून, कडांना योग्य बाक देऊन ते शिवावे लागतात. जाकिटाला जशा चिमट्या घेतात, तसेच हे. मापाच्या कव्हरात अधिक शिवणी दिसतात, त्या शोभेसाठी नसून भूमितीसाठी असतात. तयार मिळणारे ढगळ कव्हर सुरकुतते, सरकते आणि जिथे घासते तिथे आधी फाटते.

चामडे कापडाच्या ठाणासारखे एकसारखेही नसते. जनावराच्या पाठीकडचे चामडे घट्ट, पोटाकडचे सैल आणि ताणणारे. चांगला कारागीर बसण्याच्या जागी पाठीकडचा भाग लावतो आणि पोटाकडचा कडेला, दिसणार नाही अशा ठिकाणी वापरतो. टाके फार जवळ घातले तर काय होईल? टपाल तिकिटांच्या कडेला भोके कशासाठी असतात ते आठवा. तसेच चामडेही भोकांच्या रेषेत फाटेल. म्हणून चामड्यावर टाका जरा लांब घालतात.

घसरगुंडी आणि ब्रेक

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गाडीने ब्रेक लावला, की जडत्वामुळे आपले शरीर पुढे जाऊ पाहते. आसनाचे घर्षण त्याला काही प्रमाणात अडवते. हे घर्षण किती, ते घरी मोजता येते. एका फळीवर कव्हरचा तुकडा ताणून बसवा. एक वीट जुन्या पँटच्या कापडात गुंडाळून त्यावर ठेवा. फळीचे एक टोक हळूहळू उचला. वीट घसरू लागेल तेव्हाचा कोन मोजा. त्या कोनाचा टॅन्जंट म्हणजेच घर्षणांक.

समजा, गुळगुळीत चामड्यावर वीट २० अंशांना घसरली. टॅन्जंट ०.३६. त्याला गुरुत्व त्वरण ९.८ ने गुणले की ३.५ येतात. म्हणजे गाडीचा वेग दर सेकंदाला ३.५ मीटर प्रतिसेकंदापेक्षा झपाट्याने कमी झाला, तर सपाट आसनावरचे शरीर पुढे घसरू लागेल. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी चार सेकंदांत थांबली तर नेमके एवढेच होते. लवदार कापडावर वीट समजा ३० अंशांना घसरली, तर ही मर्यादा ५.७ येते. कापड बरे, यात शंका नाही. पण कोरड्या रस्त्यावर कचकचून ब्रेक दाबला तर आकडा ७ च्या आसपास जातो. म्हणजे कापड काय नि चामडे काय, दोन्ही हरतात. आसनाला मागे थोडा उतार असतो त्याची मदत होते, पण शेवटी माणसाला धरून ठेवतो तो पट्टाच. मागच्या आसनावरही.

येथेच कव्हरमुळे एक खरा धोका उद्भवतो. पुष्कळ गाड्यांत बाजूची एअरबॅग पुढच्या आसनाच्या पाठीत, दाराकडच्या कडेला शिवलेली असते. धडक बसताच ती सेकंदाच्या एक-दोन शतांश भागात आसनाची शिवण फाडून बाहेर येते. त्यावर जाड चामड्याचे मजबूत कव्हर चढवले, तर ती वेळेवर बाहेर येणार नाही किंवा भलत्या दिशेने फुगेल. आसनाच्या कडेला एअरबॅगची चिठ्ठी आहे का, ते आधी पाहावे. असेल तर त्या जागी कव्हर उघडे ठेवलेले किंवा तिथली शिवण मुद्दाम कच्च्या धाग्याने घातलेली, त्याच गाडीसाठी तपासलेले कव्हरच घ्यावे. तसेच मागच्या पट्ट्यांची कुलपे आणि लहान मुलांचे आसन अडकवण्याचे आकडे कव्हराखाली दडपले जाता कामा नयेत.

आगीचाही विचार हवा. गाडीच्या आतल्या वस्तू किती वेगाने जळाव्यात याला मर्यादा असते. अमेरिकेत असा नियम १९७२ पासून आहे, आपल्याकडे आयएस १५०६१ हे मानक आहे. मिनिटाला सुमारे १०० मिलिमीटरपेक्षा ज्योत वेगाने पसरता कामा नये, असा त्याचा आशय. कारखान्यातून आलेले कापड ही परीक्षा देऊन आलेले असते. बाजारातल्या कव्हराने ती दिली आहे का, हे दुकानदाराला विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

मग घ्यावे काय?

चामडे म्हणजे श्रीमंती, ही समजूत फार जुनी नाही. मोटारीच्या सुरुवातीच्या काळात चालक उघड्यावर, ऊनपावसात बसे. त्याच्या आसनाला चामडे असे, कारण ते टिकाऊ आणि पुसता येण्यासारखे. मागे बंद भागात बसणाऱ्या मालकाच्या आसनाला उंची लोकरी कापड असे. जपानमधल्या टोयोटा सेंच्युरी या प्रतिष्ठित गाडीत आजही लोकरी कापडाची आसने मिळतात.

तेव्हा प्रश्न प्रतिष्ठेचा नसून कामाचा आहे. दिवसभर चिखलाचे पाय आणि ओले कपडे झेलणाऱ्या मिनिडोरला साधे रेक्झिन पुरेसे आहे. गाडी घरची असेल, उन्हात उभी राहत असेल आणि त्यात लहान मुले बसत असतील, तर कारखान्याचे कापडच बरे. हवे तर धुता येणारा सुती अभ्रा घालावा. हौस असेल, गाडी सावलीत राहत असेल आणि पावसाळ्यात चार महिने निगा राखण्याची तयारी असेल, तर चामडे जरूर घ्यावे. पण फिकट रंगाचे, भोके पाडलेले, मापाचे आणि एअरबॅगची वाट मोकळी ठेवणारे.

घरात हा विषय निघेल तेव्हा तुम्ही गप्प बसू नका. वाट्यांच्या प्रयोगाचे आकडे आणि फळीचा कोन वहीत लिहून ठेवलेला असू द्या. दुकानातल्या नमुन्यांच्या पुस्तकापेक्षा तुमची वही घरच्यांच्या अधिक उपयोगी पडेल.